किती रिश्टरचा होता?

परवा रात्री साडेअकराला आईचा फोन. एवढ्या उशिरा घरून फोन आला की पोटात गोळाच येतो, पण ती एकदम निवांत. "हादरला गं आत्ता. खिडक्या वाजल्या, फळीवरचा एक डबा खाली आला. किती रिश्टरचा होता बघ की तुझ्या मोबाइलवर." मी विचारलं भिंतीला काही झालंय का, तर म्हणे ते सकाळी बघू, आधी रिश्टर सांग.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयना धरणापासून एसटीनं तासाभरावर. आमच्याकडं भूकंपाचं अप्रूप कुणालाच नाही. शाळेत तास चालू असताना हादरा बसला की बाई फळ्यावरचा हात तसाच ठेवून दोन सेकंद थांबायच्या आणि मग "हं, लिहा पुढं". घरातल्या कागदांच्या पिशवीत जातीचा दाखला, रहिवासी दाखला आणि भूकंपग्रस्ताचा दाखला असे तिन्ही एकाच प्लॅस्टिकमध्ये. पुण्यात हॉस्टेलला आल्यावर कळलं की बाकीच्या मुलींकडं हा तिसरा दाखला नसतोच. पुढं मी सिव्हिल केलं, मग स्ट्रक्चर्समध्ये एम.ई., आणि आता दिवसभर कॉलम-बीमच्या ड्रॉइंगमध्ये डोकं घालून बसते. गावाकडं त्यामुळं असा समज झालाय की कुठंही जमीन हलली तरी त्याचं उत्तर मला माहीत असणार, आणि प्रश्न मात्र नेहमी एकच, किती रिश्टरचा होता.

मला या प्रश्नाचा आता थोडा राग यायला लागलाय, म्हणून हे लिहितेय.

दोन आकडे सांगते. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयना, ६.३. (बाहेरच्या पेपरांमध्ये तारीख १० डिसेंबर दिसते, कारण ते ग्रिनिच वेळ धरतात. मी एकदा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दोन्ही तारखा लिहून ठेवल्या होत्या, सरांनी लाल पेनानं गोल केला होता.) आणि ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी, ६.२. दोन्ही महाराष्ट्रात, दोन्ही पहाटेच्या गाढ झोपेत, दोन्हींचं केंद्र जमिनीखाली फार खोल नाही, आणि रिश्टर म्हणाल तर उन्नीस-बीस. कोयनेला जवळपास दोनशे माणसं गेली. किल्लारीला आठ ते दहा हजारांच्या दरम्यान, कुठला आकडा धरता त्यावर. आता सांगा, ६.३ आणि ६.२ या आकड्यांवरून हा फरक कुणाला कळला असता का?

तो आकडा भूकंपाचा असतो हो, तुमच्या घराचा नसतो. लग्नाच्या वरातीत डीजे किती वॅटचा आहे ही एक गोष्ट आणि तुमच्या खिडकीच्या काचा किती थरथरतायत ही दुसरी, ती तुम्ही किती लांब आहात, मधे काय आहे आणि काचेची पुटिंग धड आहे का यावर ठरते. डीजेचे वॅट विचारून काच फुटेल का ते कळत नाही. आपण मात्र दर वेळी वॅटच विचारतो.

किल्लारीची वस्ती दाट होती, हे एक झालंच. पण मुख्य म्हणजे भिंती. मागं एका कामासाठी लातूरकडं गेले होते तेव्हा रस्त्यालगत एक जुनं माळवदाचं घर अर्धवट पाडलेलं बघायला मिळालं, गाडी थांबवून दहा मिनिटं नुसती बघत बसले, ड्रायव्हरला वाटलं बाईंना काय झालं. भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरून बघाल तर तासलेले दगड, सुबक, किल्ला वाटावा अशी. पण कापलेल्या बाजूनं बघितलं तर ती एक भिंत नव्हतीच, दोन होत्या. आतला एक दगडी थर, बाहेरचा एक दगडी थर आणि मधे नुसती खडी-माती भरलेली. आतून बाहेर आरपार जाणारा लांब दगड, जो या दोन थरांना एकमेकांना बांधून ठेवेल, तो बघेपर्यंत एकही दिसला नाही. आणि वर माळवद, लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचा थर, आणि पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर अजून थोडी माती. वर्षानुवर्षं ती माती चढतच जाते. म्हणजे डोक्यावर काही टन वजन आणि ते बघायला जाड पण आतून फुटक्या भिंतीत. जमीन आडवी हलली की हे दोन थर फुगून वेगळे होतात, मधली माती खाली बसते, आणि मग सगळं आत.

लोक नंतर म्हणाले की गावकऱ्यांना बांधायची अक्कल नव्हती. हे मला अजिबात पटत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या घरात दुपारी जाऊन बघा, एसीची आठवण येणार नाही. त्यांनी उन्हासाठी घर बांधलं होतं आणि उन्हाच्या परीक्षेत ते पहिल्या नंबरानं पास होतं. भूकंपाची परीक्षा आहे हे त्यांना सांगितलंच कुणी नव्हतं, उलट सरकारी नकाशात किल्लारी तेव्हा झोन १ मध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. नंतर नकाशा बदलला. कोयनेचंही तसंच, १९६७ च्या आधी दख्खनचं पठार म्हणजे एकदम स्थिर असं मानलं जायचं आणि भूकंप झाल्यावर मग झोन ४. आपले नकाशे बऱ्याचदा भूकंपाच्या मागून चालत येतात, वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसं.

आमच्या आजीचं घर त्या १९६७ च्या पहाटे पडलं. ती सांगायची ती गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकलीय की मधे चुकली तर आम्हीच दुरुस्त करायचो. "थंडी मरणाची. म्हशीनं आधी दावं तोडलं, मग मी उठून बसले तर भुईच चालायला लागली. भिंत गेली ती भाईर गेली म्हणून तुझा बाप वाचला, नायतर तो भिंतीकडंलाच निजायचा." आणि मग बाहेर सगळीकडं ओरडा, धरण फुटलं, धरण फुटलं. पानशेत होऊन सहाच वर्षं झाली होती, त्यामुळं लोकांनी खरं-खोटं बघितलं नाही, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन अंधारात डोंगराकडं पळाले.

इंजिनिअर झाल्यावर मला त्या गोष्टीतलं एक वाक्य वेगळंच ऐकू यायला लागलं. भिंत बाहेर गेली. छप्पर पडलं नाही, कारण आमच्याकडं कौलारू छप्पर लाकडी खांबांवर होतं, भिंतीवर नव्हतं. भिंत ढासळली तरी खांब उभे राहिले. आणि छपरावर माती नव्हती, कारण आमच्या पावसात माती राहिलीच नसती. म्हणजे माझे वडील वाचले ते पाटण तालुक्याच्या पावसामुळं, असं म्हटलं तरी चालेल. आजोबांनी नंतर घर बांधलं ते कमरेएवढं दगडाचं आणि वर कारवीचा कुड, शेणामातीनं लिंपलेला, छपराला पत्रा. त्यांनी काय भूकंपशास्त्र वाचलं नव्हतं, त्यांचं म्हणणं एवढंच की पडलं तर अंगावर हलकं पडावं.

आता धरण. धरण फुटलं नव्हतं, पण तडे गेले होते, आणि ते कुठं गेले ते बघण्यासारखं आहे. कोयना धरण १०३ मीटर उंच, लांबी आठशे मीटरच्या वर, आणि ती सलग एक भिंत नाही, शेजारी शेजारी उभे केलेले ब्लॉक आहेत. सांडव्याच्या ब्लॉकांना फारसं काही झालं नाही. तडे गेले ते बाजूच्या उंच ब्लॉकांना, आणि तेही एका ठरावीक उंचीवर, पायापासून साधारण ६६ मीटरवर. तिथं काय आहे? तिथं धरणाच्या मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. खाली पसरट उतार आणि त्या रेषेपासून वर जवळजवळ सरळ उभी भिंत. समोरून पाण्याच्या बाजूनं आणि मागून, दोन्हीकडं त्याच पातळीला तडे, पाणी झिरपायला लागलेलं, आणि धरण बऱ्यापैकी भरलेलं.

एसटीत दांडीला न धरता उभे असताना ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला की काय होतं? पाय गाडीबरोबर थांबतात, धड पुढं जातं, आणि ताण येतो कंबरेत. धरणाचंही तेच. जमीन हलते तसा पाया हलतो, वरचा भाग जडत्वानं मागं राहतो, मग उशिरा येतो, तोपर्यंत पाया परत उलटा निघालेला असतो. वर जाल तसा झोका मोठा. आणि काँक्रीटला दाबलं तर ते वाट्टेल तेवढं सोसतं, पण ओढलं की लगेच फाटतं. जिथं आकार अचानक बदलतो तिथं सगळी ओढ गोळा होते, ती धरणाची कंबर.

त्या रात्री धरणाच्या आतल्या गॅलरीत धक्का मोजणारं यंत्र होतं आणि ते चालू होतं, हे आपलं नशीब. त्यात धरणाच्या लांबीच्या दिशेनं ०.६३ जी आणि नदीच्या दिशेनं ०.४९ जी नोंदलं गेलं (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढी ओढ). म्हणजे क्षणभर का होईना, वस्तूच्या वजनाच्या निम्मा किंवा त्याहून जास्त धक्का आडवा. डिझाइन करताना धरला होता ०.०५. हे दोन आकडे थेट एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत, यंत्रातला आकडा क्षणाचा असतो आणि डिझाइनमधला सतत लावलेल्या जोराचा, त्यामुळं "दहापट चुकले" असं व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवलं तर पुढं पाठवू नका. पण तरीही. भारतातल्या त्या काळच्या इंजिनिअरांनी त्या पहाटेनंतर सगळी गणितं परत मांडली हे खरं. तड्यांमध्ये इपॉक्सी भरलं, वरच्या भागात ताणलेल्या केबल टाकल्या आणि मग त्या उंच ब्लॉकांना मागून काँक्रीटचे टेकू दिले. सांडव्याचा भाग बऱ्याच वर्षांनी मजबूत केला. आणि त्या पहाटे मुंबईची वीज गेली, गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कुठं तिकडच्या लोकांना कळलं की आपला दिवा कुठल्या दरीतून येतो.

एम.ई.ला असताना कॉम्प्युटर लॅबमध्ये अ‍ॅबॅकस नावाचं सॉफ्टवेअर शिकत होतो. त्यात सरावासाठी तयार उदाहरणं असतात, सरांनी एक उघडलं आणि स्क्रीनवर धरणाचा काप आला, मागच्या बाजूला ती ओळखीची मोडलेली रेघ. नाव, कोयना. जगभरातली पोरं धरणाला तडा कसा जातो ते आमच्या धरणावर शिकतात, त्याच गॅलरीतल्या नोंदी लावून. सरांनी भूकंप चालू केला, रंगीत धरण सेकंदाला तीनेक झोके घ्यायला लागलं, आणि काही सेकंदांतच कॉम्प्युटरनं लाल तडा काढला तो बरोबर कंबरेत. वर्गात बाकीचे जांभया देत होते. माझ्या डोळ्यात पाणी आलं, का ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या नोंदीतल्या कुठल्या तरी सेकंदाला आमच्या म्हशीनं दावं तोडलं होतं.

मग हमखास पुढचा प्रश्न येतो, धरणामुळंच भूकंप होतात ना? हो आणि नाही. धरणात पाणी साठायला लागलं १९६१-६२ च्या सुमारास आणि त्यानंतर हादरे जाणवायला लागले. १९६७ च्याच सप्टेंबरमध्ये ५.५ चा एक होऊन गेला होता, म्हणजे डिसेंबरचा काही अगदीच न सांगता आलेला नव्हता. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं या एका दरीवर घालवली. धरण तेव्हाच्या क्षमतेनं पूर्ण भरलं की जवळजवळ ९९ टीएमसी, म्हणजे २८० कोटी टन पाणी. पण नुसतं वजन हे कारण नाही, वजनापेक्षा ते पाणी भेगांतून खाली काही किलोमीटर मुरतं ते महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की पाण्यानं खडक बुळबुळीत होतात आणि घसरतात. तसं नाहीये. ओल्या ओट्यावर गरम वाटी ठेवली की ती आपली आपण सरकते, बघितलंय ना? ओटा बुळबुळीत असतो म्हणून नाही, तर वाटीच्या बुडाखाली अडकलेली हवा तापून फुगते आणि वाटीला किंचित उचलते, मग हलकासा उतारसुद्धा पुरतो. खडकांच्या भेगेत पाण्याचा दाब तेच करतो, दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारी पकड सैल करतो. पण सरकायला ताण आधीपासून लागतो, तो धरणानं आणलेला नाही, तो लाखो वर्षांचा आहे. म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात धरणानं भूकंप घडवला नाही, चाप ओढला. गुप्तांच्या अभ्यासात हेही दिसलं की ५ च्या वरचे मोठे धक्के आले त्या काळात पाण्याची पातळी आठवड्याला ४० फुटांपेक्षा जास्त वेगानं चढलेली होती. उलटं मात्र खरं नाही, पातळी तशी चढली म्हणजे धक्का येतोच असं नाही.

आता तर खाली जाऊन बघायचं चाललंय. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर मारून झालं. आपण बोअर म्हणतो ते दोनशे-तीनशे फुटांचं, हे तीन किलोमीटर. पहिले सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक, आणि भूकंप होतात ते या खालच्या खडकात. गावात तेव्हा चर्चा होती की आता भोक पाडून आतली ताकद बाहेर काढणार. काका तर म्हणाले, बरं झालं, वाफ निघून जाईल.

यावरून ती दुसरी समजूत. "बारके बारके होतायत ते बरंय, ताकद निघून जाते, मोठा होणार नाही." हे आमच्याकडं चहाच्या टपरीपासून पंचायतीपर्यंत सगळे म्हणतात. आकड्यात एक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट. ३ चा धक्का आणि ६.३ चा धक्का यात फरक साधारण नव्वद हजार पट. म्हणजे १९६७ ची ताकद बारक्या हप्त्यांनी फेडायची तर ३ चे नव्वद हजार धक्के लागतील, रोज दहा बसले तरी पंचवीस वर्षं. मी हे काकांना मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढून दाखवलं. ते म्हणाले, "व्हय, पण तेवढं तरी कमी झालं ना."

मला खरी भीती गावाची वाटत नाही. गावात अजून कुड-पत्रा आहे, आणि नवी घरं बुटकी आहेत. भीती वाटते ती कराड, सातारा, पुण्यातल्या पार्किंगवर उभ्या बिल्डिंगची. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, ७.७, आणि तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती बसल्या. त्यातल्या बऱ्याच अशाच, वर भिंतींनी गच्च भरलेले मजले आणि खाली गाड्या लावायला नुसते कॉलम. वरचा डबा कडक, खालचे पाय बारीक. परत तीच कंबर, फक्त इथं ती घोट्यात.

आणि त्या कॉलममध्ये कोण बघतंय? उभ्या सळ्यांभोवती रिंगा असतात, त्यांची टोकं आत १३५ अंशात वळवायची असतात, काँक्रीटच्या गाभ्यात घुसतील अशी. साइटवर ती ९० अंशात वळवतात, कारण पटकन होतं. नेहमीच्या दिवसात काहीही फरक पडत नाही, वीस वर्षं पडत नाही. भूकंपात कव्हरचं, म्हणजे सळ्यांवरचं बाहेरचं काँक्रीट गळून पडतं आणि ९० ची रिंग उघडते, १३५ ची धरून ठेवते. मागच्या महिन्यात एका साइटवर मी स्लॅबवर बसून फिटरला म्हटलं या रिंगा काढा, परत वळवा. तो चांगला माणूस आहे, माझ्या वडिलांच्या वयाचा. म्हणाला, "मॅडम, बत्तीस वर्षं अशाच वळवतोय, एक बिल्डिंग पडली नाही." मी म्हटलं, काका, बत्तीस वर्षांत इथं हादरलंय कुठं? मग त्यानं विचारलं तुमचं गाव कुठलं. पाटण म्हटल्यावर काही बोलला नाही, पोराला हाक मारली आणि रिंगा काढायला लावल्या. एका दिवसाचं काम वाढलं, आणि त्यावरून मला ऑफिसमध्ये जे ऐकायला लागलं ते इथं लिहीत नाही.

तर आईचा फोन. सकाळी तिनं भिंतीचा फोटो पाठवला, मीच मागितला होता, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून. स्लॅबच्या खाली आडवी केसासारखी रेघ, ती उन्हाची, दरवर्षी दिसते, ती सोडा. पण खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली एक आहे, ती मला आवडली नाही. ती जुनी आहे का परवाची, आईला आठवत नाही, वडील म्हणतात रंग दिला तेव्हाही होती. म्हणून मी सांगितलं, त्या भेगेवर आडवी प्लॅस्टरची पातळ पट्टी मार, वाळली की त्यावर तारीख लिही. भेग सरकली तर पट्टी तडकेल, नाही सरकली तर नाही. तिनं विचारलं, आणि रिश्टर? मी म्हटलं, आई, २.९.

"हात्तिच्या," म्हणाली, "मला वाटलं चार तरी असंल."

पट्टी मात्र मारलीय. फोटो आलाय, तारीख मार्करनं ठसठशीत लिहिलीय आणि खाली मेसेज, दिवाळीला येशील तेव्हा हे काढून टाक, भिंत घाण दिसते.